प्रकृती वेगळी, म्हणून कसोटी माफ?

पूरक आणि पर्यायी उपचारांची ओळख करून देणारं कुठलंही व्याख्यान ऐका, माहितीपत्रक वाचा किंवा शिबिराला बसा, एक युक्तिवाद हमखास समोर येतो. प्रत्येक माणसाची प्रकृती वेगळी. एकाच रोगाच्या दोन रुग्णांना आम्ही दोन वेगळी औषधं देतो. तेव्हा आधुनिक वैद्यकाच्या चाचण्या आमच्या शास्त्राला लावताच येत नाहीत. मुळशी तालुक्यात हा युक्तिवाद आता दोन्ही टोकांना पोचला आहे. धरणाच्या पाण्याकडे तोंड करून बांधलेल्या वेलनेस केंद्रांत तो हळुवार आवाजात ऐकू येतो आणि गावच्या मंदिराच्या सभामंडपात भरलेल्या मोफत शिबिरात तोच ठासून सांगितला जातो. ऐकणारे मान डोलावतात, कारण त्यातला पहिला भाग खरा आहे. माणसं वेगळी असतातच.

माझा आक्षेप दुसऱ्या भागाला आहे. माणसं वेगळी आहेत एवढ्यावरून उपचाराला कसोटी माफ होत नाही. आयुर्वेदाबद्दल, योगाबद्दल, निसर्गोपचाराबद्दल मनात आकस ठेवून मी हे लिहीत नाही. ही माफी मागणं हा त्या शास्त्रांचाच अपमान आहे आणि त्याची किंमत रुग्ण मोजतो, म्हणून लिहितो आहे.

आधी वस्तुस्थिती पाहू. 'लावता येत नाहीत' असं ज्या चाचण्यांबद्दल सांगतात, त्या लावून झाल्या आहेत. कोइमतूरमध्ये आमवाताच्या ४३ रुग्णांवर झालेला अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एका गटाला आयुर्वेदिक उपचार, दुसऱ्याला मेथोट्रेक्सेट हे आधुनिक औषध आणि तिसऱ्याला दोन्ही दिलं होतं. वैद्यांच्या हाताला बांधलेलं नव्हतं. रुग्णाची प्रकृती पाहून औषध ठरवायची, बदलायची त्यांना पूर्ण मुभा होती. फक्त ज्याला खरं आयुर्वेदिक औषध मिळत होतं त्याला मेथोट्रेक्सेटची खोटी गोळी मिळे, आणि ज्याला खरं मेथोट्रेक्सेट मिळे त्याला आयुर्वेदिक औषधासारखं दिसणारं खोटं औषध. कोणाला काय मिळतंय हे रुग्णालाही कळत नव्हतं आणि सांधे तपासणाऱ्या डॉक्टरांनाही. म्हणजे प्रकृतिभेदाचा मान राखून कसोटी लावली गेली. तिन्ही गटांचे निष्कर्ष साधारण सारखे आले. अभ्यास लहान होता, अभ्यासकांनी तो प्राथमिकच म्हटला, त्यामुळे त्यावरून ढोल वाजवण्यात अर्थ नाही. पण 'अशी चाचणी अशक्य आहे' हे म्हणणं त्या दिवशी संपलं.

भगंदरावरच्या क्षारसूत्राची, म्हणजे औषधी लेप दिलेल्या दोऱ्याची, गोष्ट तर त्याहून जुनी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने अनेक केंद्रांत शस्त्रक्रियेशी त्याची तुलना केली आणि १९९१ मध्ये निष्कर्ष छापले. क्षारसूत्राने जखम भरायला जास्त दिवस लागले, साधारण आठ आठवडे, शस्त्रक्रियेने चार. मात्र रोग उलटण्याचं प्रमाण क्षारसूत्रात ४ टक्के आणि शस्त्रक्रियेत ११ टक्के निघालं. आज एखादा शल्यचिकित्सक क्षारसूत्राचं नाव आदराने घेतो तो सुश्रुताच्या वयाकडे पाहून नव्हे, या आकड्यांमुळे.

आणि पुण्यातलंच उदाहरण हवं असेल तर डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं काम आहे. गुडघेदुखीच्या ४४० रुग्णांवर २४ आठवडे चाललेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सुंठ-गुळवेलीच्या पायावर बांधलेली आयुर्वेदिक औषधं ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब या रूढ औषधांच्या बरोबरीची ठरली. त्याच अभ्यासात आयुर्वेदिक गटांतल्या काही रुग्णांच्या रक्तात यकृताच्या इजेची खूण देणारं एसजीपीटी वाढलेलं आढळलं. त्यांना काहीच त्रास जाणवत नव्हता. रक्त तपासलं म्हणून ते कळलं आणि औषध थांबवल्यावर ते उतरलं. अभ्यासकांनी तेही छापलं. चाचणीचं खरं मोल मला इथे दिसतं. तिने औषधाचा गुण सांगितला आणि दोषही सांगितला. जो कसोटी नाकारतो तो आपल्या औषधाचा दोष कळण्याचा रस्ताही बंद करतो.

याचा पुढचा भाग मुंबईत घडला. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये जसलोक रुग्णालयातल्या डॉक्टरांनी यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद केली. सगळ्यांनी करोनाच्या भीतीने गुळवेल घेतली होती. पुढे देशातल्या १३ केंद्रांनी असे ४३ रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, गुळवेलीसारखी दिसणारी दुसरीच वेल वापरली गेली असेल असं म्हटलं. असेलही. पण मग बाजारातल्या पुडीत कोणती वेल आहे हे तपासणार कोण? पुण्याच्या अभ्यासातलं वाढलेलं एसजीपीटी आणि मुंबईतली यकृताची इजा या एकच घटना आहेत असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणतो की एका ठिकाणी रक्त तपासत होते म्हणून माणसं वेळेत थांबली, आणि दुसरीकडे 'नैसर्गिक आहे, अपाय नाही' या भरवशावर दारातली वेल तोडून रोज काढा पिणं चालू राहिलं. बॉस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा अर्सेनिक सापडल्याचं २००४ मध्ये प्रसिद्ध झालं, तेव्हाही आपल्याकडे संताप झाला तो तपासणाऱ्यावर.

प्रकृतिभेदाच्या युक्तिवादाची प्रामाणिकता तपासायची असेल तर ते करोनाचं वर्ष पुन्हा पाहावं. होमिओपथी व्यक्तीनुसार औषध देते, म्हणून सामूहिक चाचणी तिला अन्यायकारक आहे, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. आणि २०२० मध्ये अर्सेनिकम अल्बम ३० ही एकच गोळी महाराष्ट्राच्या गावागावांत घरोघर वाटली गेली. म्हातारा, बाळंतीण, पोर, पैलवान सगळ्यांना तीच. त्या वेळी प्रकृती कुठे गेली होती? तीस म्हणजे मूळ द्रव्य शंभरात एक या प्रमाणात तीस वेळा विरळ केलेलं. बाराव्या पायरीच्या पुढे मूळ द्रव्याचा एक रेणू शिल्लक असण्याची शक्यताही राहत नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन परिषदेने १७६ अभ्यास तपासून २०१५ मध्ये सांगितलं की होमिओपथी परिणामकारक असल्याचा भरवशाचा पुरावा एकाही आजाराबाबत नाही. कसोटी टाळायची तेव्हा माणूस वेगळा आणि वाटप करायचं तेव्हा सगळी माणसं सारखी, असं दोन्ही बाजूंनी बोलता येणार नाही.

आता मुळशीतल्या सर्वसामान्य माणसाचा मुद्दा घेतो, कारण तो मंत्रालयापेक्षा आणि माहितीपत्रकापेक्षा मला अधिक गंभीर वाटतो. तो म्हणतो, 'चाचणी कसली मागता? मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या वाडीतल्या भगताने साप उतरवला.' तो खोटं बोलत नाही. त्याने पाहिलेलं खरंच आहे. भातलावणीच्या दिवसांत खाचरात, बांधावर, गोठ्यात साप चावतो. चावणाऱ्या सापांत बिनविषारी पुष्कळ असतात, आणि विषारी सापही दर वेळी पुरेसं विष सोडतोच असं नाही. म्हणजे भगताकडे नेलेल्यांपैकी बरेच जण जगणारच होते. मंत्र म्हटला तरी, न म्हटला तरी. जगलेला माणूस पुढची तीस वर्षं बाजाराच्या दिवशी सगळ्यांना दिसतो. दगावलेल्याबद्दल 'उशीर झाला होता', 'पथ्य मोडलं', 'काळच आला होता' असं म्हणतात आणि तो हिशेबातून निघून जातो. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांचं विष ज्याच्या अंगात खरोखर उतरलंय त्याला मात्र प्रतिविषाचं इंजेक्शन हवं असतं, आणि भगताच्या अंगणात गेलेला प्रत्येक तास त्याच्या आयुष्यातून वजा होतो. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा ठरवला, तो याचसाठी. त्या कायद्यासाठी झटलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात मारले गेले आणि मग कायदा आला, हे मुळशीपासून तासाभराच्या अंतरावर घडलेलं आपण विसरू नये.

काविळीचंही तसंच. काविळीची माळ, काविळीचं नस्य, हातावर पाणी ओतून पिवळं उतरवून दाखवणं. घरात कुणाला कावीळ झाली की शेजारी पहिला पत्ता याचाच देतात. दूषित पाण्यातून होणारी नेहमीची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते. माळ गळ्यात असताना बरी झाली की श्रेय माळेला. पण गरोदर बाईला हेपेटायटिस ई झाला तर तो जिवावर उठतो. आणि भाताच्या चिखलात उघड्या पायांनी राबणाऱ्याचे डोळे पिवळे झाले तर ती लेप्टोस्पायरोसिसची खूण असू शकते. त्यात मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि तरीही डॉक्सिसायक्लिन किंवा पेनिसिलिनसारख्या साध्या, स्वस्त औषधाने वेळेत उपचार झाला तर माणूस वाचतो. डोळे तितकेच पिवळे दिसतात. रक्त तपासल्याशिवाय एक कावीळ दुसरीपासून ओळखता येत नाही. म्हणून डोळ्यांनी पाहिलेलं पुरत नाही. औषध दिलेले शंभर आणि न दिलेले शंभर शेजारी ठेवून, दोन्हीकडचे मेलेलेही मोजावे लागतात. चाचणी म्हणजे याहून गूढ काही नाही.

हे 'पाश्चात्त्य' आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी ताम्हिणी घाट उतरून माणगावमार्गे महाडला जावं. तिथल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये रुजू झाले. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाने माणसं, विशेषतः मुलं, पटापट मरत होती; दाखल होणाऱ्या गंभीर रुग्णांत मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या घरात होतं. त्यांनी रुग्णाच्या उशाशी रात्ररात्र बसून नाडी, रक्तदाब, छातीतले आवाज लिहून ठेवले, विषाचा हृदयावर होणारा परिणाम ओळखला आणि प्रॅझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध वापरून ते प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आणलं. 'लॅन्सेट'ने ते छापलं. पुढे विंचवाचं प्रतिविष आलं तेव्हा 'माझा अनुभव पुरेसा आहे' असं म्हणून ते थांबले नाहीत. प्रॅझोसिनसोबत प्रतिविष दिल्याने फरक पडतो का, याची रीतसर तुलना करून २०११ मध्ये ती प्रसिद्ध केली. मराठी मुलखात, सरकारी दवाखान्यात, गरिबाच्या खाटेशेजारी उभं राहिलेलं हे विज्ञान आहे. ते परकं कसं?

आपल्या परंपरेतही कसोटी परकी नाही. वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या शेवटी आपल्या टीकाकारांना विचारलंय की ऋषींनी लिहिलं एवढ्यावर ग्रंथ ग्राह्य ठरत असेल तर चरक-सुश्रुत सोडून भेलाचा ग्रंथ का वाचत नाही? जे नीट सांगितलेलं असेल ते घ्यावं, सांगणारा कोण हे पाहू नये, असा त्याचा कौल आहे. प्राचीनतेचा दाखला त्याने स्वतः नाकारला. आणि मुळशीच्या डोंगरापलीकडे लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम काढलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केलं. नौली ही पोटाच्या स्नायूंची क्रिया करताना मोठ्या आतड्यात दाब किती उतरतो हे त्यांनी यंत्राने मोजलं, योगक्रिया क्ष-किरणांखाली पाहिल्या. योगावर त्यांची निष्ठा होती म्हणूनच त्यांना मोजायची भीती वाटली नाही. शंभर वर्षांपूर्वी एका संन्यस्त माणसाने जे धैर्य दाखवलं ते आजच्या केंद्रचालकांकडे मागणं जास्त आहे का?

एक तक्रार मात्र मी अनेक सच्च्या वैद्यांकडून ऐकली आहे आणि तिचं उत्तर द्यायला हवं. ते म्हणतात, तपासायला दिलं की आमची वनस्पती नेतात, त्यातलं द्रव्य काढतात आणि ते 'त्यांचं' औषध होतं. सर्पगंधेचं पाहा. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. रुस्तम वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर सर्पगंधा वापरून १९४९ मध्ये ब्रिटिश नियतकालिकात निष्कर्ष छापले आणि जगाला रक्तदाबावरचं एक प्रभावी औषध मिळालं. नंदुरबारला जन्मलेले डॉ. मनसुख वाणी अमेरिकेत गेले आणि मन्रो वॉल यांच्यासोबत त्यांनी एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन, तर यू वृक्षाच्या सालीतून टॅक्सॉल शोधलं. कर्करोगाची आजची कितीतरी केमोथेरपी या दोन द्रव्यांवर उभी आहे. तेच कॅम्प्टोथेसिन आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यात आहे, आणि त्यापायी नरक्याची चोरटी तोड होत आली. तक्रार खरी आहे. जंगलाचा आणि ते जाणणाऱ्या माणसांचा वाटा बुडतो. पण तो वाटा मागायलाही आधी गुण सिद्ध असावा लागतो. सिद्ध न झालेल्या पाल्याचा हक्क कुठल्या न्यायालयात सांगणार? तपासणी नाकारून कातकऱ्याच्या हाती एक रुपयाही आलेला नाही.

दुसरी तक्रार मला याहून जास्त लागते. 'तुमच्या दवाखान्यात माणसाला माणूस म्हणून कोण पाहतं? दोन मिनिटांत पाच तपासण्या आणि घर विकायला लावणारं बिल.' यातला शब्दन् शब्द मला मान्य आहे. पुण्याच्या डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी डॉक्टरांच्याच तोंडून हा बाजार मांडला. डॉ. बावस्करांना एका निदान केंद्राने कट म्हणून १,२०० रुपयांचा धनादेश पाठवला तेव्हा त्यांनी तो परत केला आणि वैद्यकीय परिषदेकडे तक्रार केली. वेलनेस केंद्रात माणसाला झोप मिळते, साधं जेवण मिळतं, फोन दूर राहतो, कुणीतरी तासभर शांतपणे त्याचं ऐकून घेतं. त्याने बरं वाटतं यात नवल नाही आणि त्याची टिंगल करणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण मग श्रेय विश्रांतीला द्या. तेलाच्या धारेने 'विषद्रव्यं' बाहेर गेली असं सांगू नका. कोणतं द्रव्य, आधी किती होतं, नंतर किती राहिलं, हे सांगता येत नसेल तर तो दावा सोडा. यकृत आणि मूत्रपिंडं ते काम रोज करत असतात. बाजारू दवाखान्याचं पाप बाजारू पंचकर्माने धुतलं जात नाही.

तालुक्यातल्या बीएएमएस आणि बीएचएमएस डॉक्टरांना मी या पंगतीत बसवत नाही. रात्री दोनला दार उघडणारे तेच आहेत, १०८ च्या गाडीत बसणारेही बहुधा तेच. पण होमिओपथांना एका वर्षाचा औषधशास्त्राचा अभ्यासक्रम करून अॅलोपथीची औषधं लिहू द्यावीत, हा महाराष्ट्रात २०१४ पासून पेटलेला आणि २०२५ मध्ये पुन्हा संपापर्यंत गेलेला वाद काय सांगतो? अडीअडचणीला कोणतं औषध लागतं हे गावात काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

या सगळ्यात सर्वात मोठी किंमत कर्करोगाचा रुग्ण देतो. अमेरिकेतल्या नोंदींवरून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, न पसरलेला, बरा होण्याजोगा कर्करोग असताना फक्त पर्यायी उपचार निवडलेल्यांत मृत्यूची जोखीम अडीच पट निघाली. स्तनाच्या कर्करोगात पाच पटींहून जास्त. नोव्हेंबर २०२४ मध्ये नवज्योतसिंग सिद्धू यांनी हळद, कडुनिंब आणि आहाराने पत्नीचा चौथ्या टप्प्याचा कर्करोग गेल्याचं जाहीर केलं, तेव्हा टाटा स्मारक रुग्णालयाच्या आजी-माजी २६२ कर्करोगतज्ज्ञांना सह्या करून सांगावं लागलं की यावर विसंबून उपचार लांबवू नका. त्याच रुग्णालयाने स्तनाच्या कर्करोगात योगाची रीतसर चाचणी घेतली आहे, शस्त्रक्रिया आणि केमोथेरपीच्या जोडीला. योग नाकारायचा असता तर त्यांनी ती घेतली नसती.

निसर्गोपचाराचे कैवारी गांधीजींचं नाव घेतात, म्हणून तेही सांगतो. 'हिंद स्वराज'मध्ये १९०९ साली डॉक्टरांवर आणि रुग्णालयांवर कडाडून टीका करणाऱ्या गांधीजींना १९२४ च्या जानेवारीत येरवड्याच्या तुरुंगात अपेंडिसायटिस झाला. ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली, मध्येच वीज गेली आणि कंदिलाच्या उजेडात ती पुरी झाली. गांधीजी वाचले. पुढे १९४६ मध्ये त्यांनी उरुळी कांचनला निसर्गोपचार सुरू केला तो गरिबाला परवडावा म्हणून. माती, पाणी, ऊन, साधा आहार. एका रात्रीचं भाडं मजुराच्या महिन्याच्या कमाईहून जास्त असलेल्या खोल्यांनी त्यांचा वारसा सांगू नये. मुळशी धरणाविरुद्धच्या सेनापती बापटांच्या सत्याग्रहानेही ज्यांच्या जमिनी वाचल्या नाहीत, त्यांच्याच पाण्याकाठी तर मुळीच सांगू नये.

धरणकाठच्या पाहुण्याचं दुखणं वाढलं तर त्याची गाडी दीड-दोन तासांत पुण्याच्या अतिदक्षता विभागात पोचते. घाटमाथ्यावरच्या वाडीतल्या बाईला ती सोय नाही. तिच्यापर्यंत पोचतो तो फक्त दावा. म्हणून मागणी ठोस आहे. मुळशीतल्या प्रत्येक उपचार केंद्राने दर्शनी भागात मराठीत लिहावं: इथे कोणत्या तक्रारींवर उपचार होतात, त्यांचा पुरावा काय, नोंदणीकृत वैद्य कोण, आणि कोणती लक्षणं दिसली तर आम्ही रुग्णाला ठेवून न घेता रुग्णालयात पाठवतो. १९५४ च्या औषधं आणि चमत्कारी उपचारांच्या कायद्याने ज्या रोगांच्या जाहिराती मना केल्या आहेत त्या फलकांवरून उतराव्यात. २०२४ मध्ये पतंजलीच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवरून सर्वोच्च न्यायालयात रामदेव आणि बाळकृष्ण यांना माफी मागावी लागली तशी वेळ येण्याची वाट तालुक्यातल्या प्रशासनाने पाहू नये. औषधाने त्रास झाला तर तो आयुषच्या औषधसुरक्षा नोंदणीत कळवला जावा. ग्रामपंचायतींनी आरोग्य शिबिराला परवानगी देताना हेच प्रश्न विचारावेत. आणि जूनचा पहिला पाऊस पडण्याआधी तालुक्यातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रतिविषाच्या कुप्या किती आहेत, त्यांची मुदत कधी संपते आणि रात्री ते द्यायला कोण हजर आहे, हे ग्रामसभेत वाचून दाखवलं जावं.